गर्दी, मत आणि प्रतिनिधी

२००४च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईतल्या दोन शेजारच्या मतदारसंघांतून हिंदी चित्रपटांतले दोन अभिनेते निवडून आले. उत्तर मुंबईतून गोविंदा आणि उत्तर-पश्चिम मुंबईतून सुनील दत्त. दोघेही काँग्रेसचे. गोविंदांनी राम नाईकांना हरवले. नाईक १९८९पासून सलग पाच वेळा निवडून आलेले होते, केंद्रात पेट्रोलियममंत्री होते, दरवर्षी आपल्या कामाचा छापील अहवाल मतदारांपुढे ठेवत होते. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी प्रवाशांचे प्रश्न आणि खासदार निधीची योजना यांच्याशी त्यांचे नाव जोडलेले होते. फरक सुमारे ४८ हजार मतांचा पडला. पडद्याने कामाला हरवले, असा त्या निकालाचा अर्थ तेव्हा लावला गेला आणि आजही तो तसाच सांगितला जातो.

मला तो अर्थ अपुरा वाटतो. त्याच दिवशी लोकसभेचे अध्यक्ष मनोहर जोशी मुंबईतच एकनाथ गायकवाडांकडून हरले आणि गायकवाड काही नट नव्हते. मुंबईतल्या ६ जागांपैकी ५ काँग्रेसने जिंकल्या. म्हणजे वारे आधीच फिरले होते. गोविंदांच्या लोकप्रियतेने त्या वाऱ्यात भर घातली, पण निकाल एकट्या लोकप्रियतेने लागला असे म्हणता येत नाही.

खरा फरक दिसला तो निकालानंतर. सभागृहातल्या आणि मतदारसंघातल्या गैरहजेरीबद्दल गोविंदांवर पाच वर्षे टीका होत राहिली आणि २००९मध्ये ते उभे राहिले नाहीत. सुनील दत्तांचा हा पाचवा विजय होता. १९८४मध्ये राम जेठमलानींना हरवून ते पहिल्यांदा लोकसभेत गेले. १९८७मध्ये पंजाब पेटलेला असताना मुंबईहून अमृतसरपर्यंत सुमारे २,००० किलोमीटर पायी चालले. झोपडपट्टीतल्या लोकांसाठी त्यांच्या घराचा दरवाजा उघडा असे. २५ मे २००५ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा ते केंद्रात क्रीडामंत्री होते आणि मतदारसंघात लोक त्यांना ‘दत्तसाहेब’ म्हणत होते. एकाच शहरातले, एकाच पक्षाचे, एकाच धंद्यातून आलेले दोन खासदार, आणि मतदारांच्या वाट्याला आले ते इतके वेगळे.

म्हणून ‘नटांनी राजकारणात यावे का?’ हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. वकील येतात, साखर कारखानदार येतात, डॉक्टर येतात, मग नटानेच काय घोडे मारले? विचारायचे असेल तर हे विचारावे, की तो कुठल्या दाराने आला, त्याला आत कोणी घेतले आणि कशासाठी घेतले. गेल्या साठ-सत्तर वर्षांचा देशातला आणि देशाबाहेरचा अनुभव या कसोटीवर तपासला, की बरेच काही उलगडते.

सुरुवात तमिळनाडूपासूनच करावी लागते. तिथल्या राजकारणाबद्दल आपल्याकडे एक ठरावीक समज आहे, की लोक भोळे, नटाला देव मानतात आणि मत देतात. इतिहास वेगळे सांगतो. द्रविड मुन्नेत्र कळघम १९४९मध्ये स्थापन झाला. त्याचे संस्थापक अण्णादुराई नाटककार आणि पटकथाकार होते, करुणानिधी संवादलेखक होते. १९५२च्या ‘पराशक्ती’ या चित्रपटाचे संवाद करुणानिधींचे. त्या चित्रपटाने शिवाजी गणेशन हा नट तमिळ पडद्याला दिला आणि पक्षाचा विचार गावोगावच्या फिरत्या टॉकीजपर्यंत नेला. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या माणसापर्यंत जातिव्यवस्थेवरची, पुरोहितशाहीवरची टीका पोचवायची तर चित्रपट हे साधन, हे त्या लोकांनी समजून-उमजून ठरवले होते. विचार आधी होता, संघटना आधी होती, पडदा नंतर आला.

नट एम. जी. रामचंद्रन १९५३मध्ये या पक्षात आले आणि मुख्यमंत्री झाले १९७७मध्ये. मधली चोवीस वर्षे आपण विसरतो. त्या काळात ते विधान परिषदेचे सदस्य झाले, आमदार झाले, पक्षाचे खजिनदार झाले. १२ जानेवारी १९६७ रोजी सहकलाकार एम. आर. राधा यांनी त्यांच्यावर गोळी झाडली. गळ्याला पट्टी बांधलेला रुग्णशय्येवरचा त्यांचा फोटो निवडणुकीच्या भिंतींवर लागला, आणि त्याच वर्षी द्रमुकने काँग्रेसला सत्तेवरून घालवले. काँग्रेस तिथे सत्तेवर पुन्हा कधी परतली नाही. पडद्यावर ते नावाडी झाले, रिक्षावाले झाले, शेतमजूर झाले. १९७२मध्ये पक्षाचा हिशेब मागितल्यावर त्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा त्यांच्या चाहत्यांची मंडळे जवळपास रातोरात त्यांच्या नव्या पक्षाच्या शाखा झाल्या. ही मंडळे नुसती पोस्टरला हार घालत नव्हती. रक्तदान, पूरग्रस्तांना मदत, शाळकरी मुलांना वह्या अशी कामे ती वर्षानुवर्षे करत आली होती.

मुख्यमंत्री म्हणून त्यांनी १९८२मध्ये शाळकरी मुलांसाठी पोषक आहाराची मोठी योजना आणली. पुढे देशभर शाळेत दुपारचे जेवण सुरू झाले, त्यामागे हे उदाहरण होते. दुसरी बाजूही नोंदवायला हवी. अभ्यासक एम. एस. एस. पांडियन यांनी १९९२मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दाखवून दिले, की गरिबांचा कैवारी ही प्रतिमा आणि प्रत्यक्ष अर्थकारण यांत मोठी दरी होती. दारूवरच्या करासारख्या मार्गांनी ओझे गरिबांवरच पडत होते आणि तरी गरीबच त्यांना सर्वांत निष्ठेने मत देत होते. १९८४ची निवडणूक त्यांनी न्यूयॉर्कच्या रुग्णालयातून जिंकली. डिसेंबर १९८७मध्ये ते गेले तेव्हा अनेकांनी जीव दिला. मुलांच्या ताटातले जेवण आणि चाहत्यांनी दिलेले जीव, दोन्ही त्याच राजवटीचे. यातले एक घ्यायचे आणि दुसरे झाकायचे, असे मला करता येत नाही.

नुसता चेहरा पुरत असता तर शिवाजी गणेशन मुख्यमंत्री झाले असते. नट म्हणून ते अनेकांच्या मते रामचंद्रन यांच्यापेक्षा थोर. १९८८मध्ये त्यांनी पक्ष काढला आणि १९८९मध्ये ते स्वतः पडले. विजयकांत २००६मध्ये एक जागा जिंकून आले, २०११मध्ये युतीच्या बळावर २९ आमदारांसह विरोधी पक्षनेते झाले आणि २०१६मध्ये शून्यावर आले. रजनीकांत यांनी ३१ डिसेंबर २०१७ रोजी राजकारणात येण्याची घोषणा केली आणि तीन वर्षांनी, पक्ष काढण्याआधीच, ती मागे घेतली. कमल हासन २०२१मध्ये कोइम्बतूर दक्षिणमध्ये हरले. एवढ्या अपयशांची यादी समोर असताना तमिळ मतदाराला भोळा म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

आंध्रात गोष्ट वेगाने घडली. एन. टी. रामाराव यांनी २९ मार्च १९८२ रोजी तेलुगू देसम स्थापन केला आणि जानेवारी १९८३मध्ये ते मुख्यमंत्री झाले. नऊ महिन्यांत सत्ता. ‘मायाबाजार’ चित्रपटातल्या कृष्णाचे हे यश, असे म्हणणे सोपे आहे. पण त्याआधीच्या पाच वर्षांत काँग्रेसने आंध्राला चार मुख्यमंत्री दिले होते. ते हैदराबादेत ठरत नव्हते, दिल्लीत ठरत होते. फेब्रुवारी १९८२मध्ये बेगमपेट विमानतळावर राजीव गांधींनी मुख्यमंत्री अंजय्या यांना सर्वांसमोर झापले आणि ती बातमी तेलुगू माणसाच्या जिव्हारी लागली. रामाराव ‘तेलुगू आत्मगौरव’ हा शब्द घेऊन जुन्या शेवरोले गाडीचा रथ करून गावोगाव फिरले आणि ‘ईनाडु’ या दैनिकाने त्यांना रोज घरोघरी पोचवले. दोन रुपये किलो तांदूळ हे त्यांचे आश्वासन सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या सरकारने वंशपरंपरागत पटेल-पटवारी पद्धत मोडली आणि १९८६च्या कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच वाटा दिला, याची आठवण मात्र कमी लोक काढतात. महाराष्ट्राला तो कायदा करायला १९९४ उजाडले आणि देशाला २००५. एका नटाच्या सरकारने आपल्या पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याआधी आठ वर्षे हे केले.

त्यांच्यानंतर चिरंजीवी यांनी २००८मध्ये प्रजाराज्यम काढला, २००९मध्ये २९४ पैकी १८ जागा मिळवल्या आणि दोन वर्षांत पक्ष काँग्रेसमध्ये विलीन करून टाकला. त्यांचे धाकटे भाऊ पवन कल्याण २०१९मध्ये दोन जागांवर उभे राहून दोन्हीकडे पडले, तरी पक्ष बंद केला नाही. २०२४मध्ये युतीत लढवलेल्या २१ पैकी २१ जागा जिंकून ते उपमुख्यमंत्री झाले. हरल्यावर माणूस काय करतो, यावरून तो पाहुणा आहे की घरचा, हे कळते. स्मृती इराणींबद्दलही हेच म्हणता येईल. मालिकेतली सून म्हणून घराघरात पोचलेल्या या बाई २००३मध्ये भाजपमध्ये आल्या, २००४मध्ये चांदनी चौकात पडल्या, २०१४मध्ये अमेठीत पडल्या, पाच वर्षे अमेठीत येत राहिल्या, २०१९मध्ये जिंकल्या आणि २०२४मध्ये त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा पाडले. त्यांचे राजकारण कुणाला पटो न पटो, त्या राजकारणी आहेत, पाहुण्या नाहीत.

केरळ आणि कर्नाटक हे धावत्या उल्लेखापुरते, कारण ते नियमाला बगल देतात. केरळ चित्रपटवेडा आहे, पण तिथे डाव्या आणि काँग्रेसच्या आघाड्यांनी, वाचनालयांनी आणि कामगार संघटनांनी जागा आधीच व्यापलेली. तिथे नट आला तरी त्याला रांगेत उभे राहावे लागते. सुरेश गोपी त्रिचूरमध्ये दोनदा पडून २०२४मध्ये लोकसभेवर निवडून आले. कर्नाटकात राजकुमार यांच्याइतका मोठा नट झाला नाही. १९८२च्या गोकाक आंदोलनात ते कन्नडसाठी रस्त्यावर उतरले, राज्य हलले, सरकारला नमते घ्यावे लागले. निवडणूक मात्र त्यांनी कधीच लढवली नाही.

हिंदी पट्ट्यातली रीत निराळी. इथे तारा पक्ष काढत नाही. देव आनंद यांनी १९७९मध्ये तो प्रयत्न केला आणि तो लवकरच विरला. इथे पक्ष ताऱ्याला आणतो, आणि बहुतेक वेळा कुणाला तरी पाडण्यासाठी आणतो. १९८४मध्ये अलाहाबादेत हेमवतीनंदन बहुगुणांसमोर अमिताभ बच्चन उभे करण्यात आले. उत्तर प्रदेशाचे मुख्यमंत्री राहिलेला तो कसलेला नेता १ लाख ८७ हजारांहून अधिक मतांनी पडला. १९८७मध्ये अमिताभ यांनी राजीनामा दिला. अलाहाबादच्या मतदारांच्या हाती काय राहिले? एक अनुभवी नेता पडला आणि त्याला हरवून आलेलाही गेला. १९९१मध्ये नवी दिल्लीत अडवाणींसमोर राजेश खन्ना उभे राहिले आणि अवघ्या १,५८९ मतांनी हरले. पुढच्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत त्यांनी शत्रुघ्न सिन्हांना हरवले. नटाला नट हा उतारा तेव्हाच रूढ झाला.

‘रामायण’ आणि ‘महाभारत’ या मालिकांनी यात आणखी एक पदर घातला. १९९१मध्ये सीतेची भूमिका केलेल्या दीपिका चिखलिया बडोद्यातून आणि रावणाची भूमिका केलेले अरविंद त्रिवेदी साबरकांठामधून, दोघेही भाजपच्या तिकिटावर, लोकसभेत गेले. मालिकेतले कृष्ण, आपले मराठी नीतीश भारद्वाज, १९९६मध्ये जमशेदपूरहून निवडून आले. जमशेदपूरशी त्यांचा संबंध काय होता? मतदाराने मत भूमिकेला दिले की माणसाला, हे वेगळे करणे इथे अशक्य होते आणि पक्षाला ते वेगळे करायचेही नव्हते. मला हा प्रकार गंभीर वाटतो. नेत्यावर टीका करता येते. देवाच्या रूपात घरात आलेल्या माणसाला ‘रस्ता का झाला नाही?’ असे विचारताना जीभ अडखळते.

गुरुदासपूरचे उदाहरण मुंबईसारखेच बोलके आहे. भाजपने तिथे विनोद खन्नांना उभे केले. ते चार वेळा निवडून आले, केंद्रात राज्यमंत्री झाले, तिथल्या नद्यांवरच्या पुलांच्या कामांसाठी लोक त्यांची आठवण काढतात. २०१९मध्ये त्याच पक्षाने तिथेच सनी देओल यांना आणले. लोकसभेतली त्यांची हजेरी एकपंचमांशाहूनही कमी भरली आणि मतदारसंघात ‘खासदार हरवले आहेत’ अशी पोस्टरे लागली. २०२४मध्ये पक्षाने उमेदवार बदलला. मधल्या पाच वर्षांत सीमेवरच्या त्या जिल्ह्याचा प्रश्न दिल्लीत कोण मांडत होते?

महाराष्ट्रात नट मुख्यमंत्री का झाला नाही, असा प्रश्न परप्रांतीय मित्र विचारतात. उत्तर आपल्या राजकारणाच्या घडणीत आहे. १९६२मध्ये जिल्हा परिषदा आल्या, त्यांच्या जोडीला सहकारी साखर कारखाने, जिल्हा बँका, दूध संघ, शिक्षणसंस्था. गावच्या सोसायटीपासून मंत्रालयापर्यंत जाणारी ही शिडी इतकी भक्कम, की मधल्याच पायरीवर बाहेरच्याला पाय ठेवायला जागा नसे. दुसरे कारण चित्रपटाचे. तमिळ आणि तेलुगू पडदा हा त्या त्या भाषेचा एकमेव मोठा पडदा होता; मराठी पडद्याला मात्र हिंदीच्या सावलीत, तिच्याच शहरात वाढावे लागले. तिसरे शिवसेनेचे. तमिळनाडूत चाहत्यांचे मंडळ पक्षाची शाखा झाले. मुंबईत शाखा आधी झाली आणि नट तिच्याकडे आला. १९७१मध्ये ‘सोंगाड्या’ चित्रपटाला कोहिनूर थिएटर मिळेना तेव्हा दादा कोंडके बाळासाहेब ठाकरेंकडे गेले, पुढे दादा सेनेच्या सभांना गर्दी खेचत राहिले. ठाकरे स्वतः व्यंगचित्रकार आणि वक्ते होते. त्यांच्या व्यासपीठावर दुसऱ्या ताऱ्याची गरज नव्हती.

पण महाराष्ट्रात कलावंत राजकारणात नव्हते असे मुळीच नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांनी गिरणगावात आणि गावागावांत जे केले, ते दहा पुढाऱ्यांच्या भाषणांनी झाले नसते. आचार्य अत्रे नाटककार, ‘श्यामची आई’चे दिग्दर्शक, त्यांनी १९५६मध्ये ‘मराठा’ दैनिक काढले, सभा गाजवल्या आणि विधानसभेवरही निवडून आले. गोव्यात १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलाआधी उल्हास बुयांव यांच्या गाण्यांनी विलीनीकरणाच्या विरोधात वातावरण तापवले. आपल्यातल्या अनेकांना तो निकाल रुचला नसेल. गाण्याची ताकद मात्र मान्य करावी लागते. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळले गेले.

आणीबाणीनंतर १९७७मध्ये पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या प्रचाराला बाहेर पडले. ज्यांना हसवण्यासाठी बोलावले जायचे त्या माणसाने स्वातंत्र्याबद्दल बोलायला सुरुवात केली आणि लोक ऐकत राहिले. सत्ता बदलली, पु. ल. आपल्या कामाला लागले; त्यांनी काही मागितले नाही. पुढे १९९६मध्ये युती सरकारने महाराष्ट्रभूषण पुरस्कार दिला तेव्हाही त्यांनी त्या राजवटीबद्दलची नापसंती बोलून दाखवली आणि शिवसेनाप्रमुखांची जहरी टीका सोसली. निळू फुले आणि श्रीराम लागू यांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. गावोगाव पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून. प्रसिद्धीचा याहून चांगला राजकीय उपयोग मला ठाऊक नाही. ती प्रसिद्धी कार्यकर्त्याची जागा घेत नव्हती, त्याच्या पाठीशी उभी राहत होती.

अलीकडच्या काळात शिरूरची लढत अभ्यासण्याजोगी आहे. डॉ. अमोल कोल्हे छोट्या पडद्यावर आधी शिवाजी महाराज आणि नंतर संभाजी महाराज झाले. २०१९मध्ये मालिका चालू असतानाच राष्ट्रवादीने त्यांना शिवाजीराव आढळराव पाटलांसमोर उभे केले आणि तीन वेळा खासदार राहिलेले आढळराव सुमारे ५८ हजार मतांनी पडले. मतदारसंघात दिसत नाहीत ही तक्रार कोल्ह्यांबद्दलही झाली. पण २०२४मध्ये, पक्ष फुटल्यावर, ते शरद पवारांसोबत राहिले आणि त्याच आढळरावांना त्यांनी सुमारे १ लाख ४० हजारांनी हरवले. पहिल्या विजयात मालिकेचा वाटा मोठा होता. दुसऱ्यात कांद्याचा भाव आणि पक्षफुटीचा राग जास्त होता. नट असणे तोवर मागे पडले होते.

याच २०१९मध्ये राज ठाकरे यांनी एकही उमेदवार न देता भाजपच्या विरोधात महाराष्ट्रभर सभा घेतल्या. ‘लाव रे तो व्हिडिओ’ घराघरांत पोचले, मैदाने भरली. निकालात काँग्रेस-राष्ट्रवादीला ४८ पैकी ५ जागा मिळाल्या. गर्दी जमवणे आणि मत मिळवणे यांतले अंतर इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते. आणि इथे तारा कोण होता? राजकारणीच. आता कलावंत राजकारणात येतो त्याहून जास्त वेगाने राजकारणी कलावंत होतो आहे. कॅमेऱ्याची जागा, कपडे, रील, पार्श्वसंगीत यांवर त्याच्याकडे पगारी माणसे काम करतात. अशा काळात नटावर ‘तू बाहेरचा’ असा शिक्का मारणे निरर्थक होत चालले आहे.

परदेशातही हेच दिसते. रोनाल्ड रेगन १९४७मध्ये अभिनेत्यांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले, पन्नासच्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यांमधून कामगारांसमोर बोलत फिरले, १९६६मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि १९७६ला पक्षातच फोर्ड यांच्याकडून हरून १९८०मध्ये अध्यक्ष झाले. इम्रान खान यांनी १९९६मध्ये पक्ष काढला आणि पंतप्रधान व्हायला २०१८ लागले. उलट युक्रेनच्या वोलोदिमिर झेलेन्स्की यांच्या मालिकेत एक शिक्षक अचानक राष्ट्राध्यक्ष होतो. त्या मालिकेचेच नाव घेतलेल्या पक्षाकडून ते २०१९मध्ये ७३ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. तिथल्या जुन्या पक्षांवरचा आणि धनदांडग्यांवरचा राग इतका होता, की काल्पनिक माणूस खऱ्यांपेक्षा विश्वासार्ह वाटला. युद्धात ते कसे वागतील, हे तेव्हा कुणालाच सांगता आले नसते. फिलिपिन्सचे जोसेफ एस्ट्राडा माझ्या म्हणण्याला छेद देतात, म्हणून त्यांचे नाव टाळता येत नाही. गरिबांचा नायक रंगवणारा हा नट सतरा वर्षे महापौर होता, मग सिनेटर, मग उपाध्यक्ष. सगळ्या पायऱ्या चढून १९९८मध्ये अध्यक्ष झाला आणि भ्रष्टाचाराच्या आरोपांत २००१मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून त्याला घालवले. शिडी चढल्याने प्रामाणिकपणा येत नाही. फक्त चढताना लोकांना माणूस पारखायला वेळ मिळतो.

आपल्या राज्यसभेत राष्ट्रपतींनी नेमलेल्या १२ जागा आहेत. साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी. १९५२मध्ये पृथ्वीराज कपूर तिथे गेले. पुढे लता मंगेशकर, सचिन तेंडुलकर, रेखा गेले. लतादीदी सभागृहात फार थोडे दिवस आल्या. सचिन आणि रेखा यांची हजेरी दहा टक्क्यांहून कमी राहिली. सचिनने पगार पंतप्रधान मदतनिधीला दिला, गावे दत्तक घेतली, हे त्याच्या स्वभावाला साजेसेच. पण ती जागा देणग्यांसाठी नाही. डिसेंबर २०१७मध्ये तो खेळण्याच्या हक्काबद्दल बोलायला उभा राहिला तेव्हा गोंधळ घालून त्याला बोलू दिले गेले नाही, हेही सभागृहाला शोभणारे नव्हते. याच जागांवरून गेलेल्या जावेद अख्तरांनी २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीसाठी जोर लावला. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क त्या कायद्याने सुरक्षित झाला. धंद्यातले दुखणे माहीत असलेला माणूस सभागृहात असला तर काय होते, याचा तो दाखला आहे. या जागा सन्मानचिन्हासारख्या वाटल्या जातात, ते थांबायला हवे.

पैशाचा भाग सहसा नजरेआड राहतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७व्या कलमानुसार मान्यताप्राप्त पक्षाला ४० ‘स्टार प्रचारक’ जाहीर करता येतात आणि त्यांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जात नाही. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यात ९५ लाखांची मर्यादा आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. हेलिकॉप्टरने येणारा तारा ज्या पक्षाला परवडतो त्याला त्याचा फायदा मिळतो, अपक्षाला नाही. २०१९मध्ये एका छुप्या चित्रीकरणात अनेक कलावंत पैसे घेऊन राजकीय पक्षांच्या बाजूने समाजमाध्यमांवर लिहायला तयार असल्याचे दिसले. साबणाच्या जाहिरातीखाली ‘जाहिरात’ असे लिहावे लागते. मताच्या बाबतीत तेवढेही बंधन पाळले जात नसेल, तर चाहत्याची ती सरळ फसवणूक आहे. २०२१मध्ये शेतकरी आंदोलनावर परदेशी गायिकेने दोन शब्द लिहिताच आपले अनेक मोठे कलावंत आणि खेळाडू एकाच दिवशी जवळपास एकाच भाषेत सरकारच्या बाजूने बोलले. बोलण्याचा हक्क त्यांना आहेच. पण महिनोन्‌महिने शेतकरी थंडीत बसले असताना गप्प राहिलेली ही माणसे त्या दिवशी बोलली, याचे मला मनापासून वाईट वाटले.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल सावध केले होते. धर्मात भक्तीने मोक्ष मिळत असेल, राजकारणात ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हा त्या इशाऱ्याचा आशय. २७ सप्टेंबर २०२५ रोजी तमिळनाडूतल्या करूरमध्ये अभिनेते विजय यांच्या राजकीय सभेत चेंगराचेंगरी होऊन ४१ माणसे मेली, त्यांत मुलेही होती. लहान मुलाला कडेवर घेऊन तासन्‌तास उन्हात थांबणारी आई तिथे धोरण ऐकायला आलेली नसते. त्या गर्दीला दोष देऊन आपण मोकळे होतो. गर्दी किती येणार हे ठाऊक असूनही जागा, पाणी, वेळ यांची चोख व्यवस्था न करणाऱ्यांना आधी जाब विचारायला हवा.

आणि शेवटी प्रश्न पक्षांकडेच येतो. आपल्याकडे प्रत्येक पक्षात वीस-वीस वर्षे सतरंज्या उचललेला कार्यकर्ता असतो. रेशनकार्डापासून दवाखान्यातल्या खाटेपर्यंत लोकांची कामे त्याने केलेली असतात. अर्ज भरायच्या आदल्या रात्री पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म दुसऱ्याच्याच हाती जातो, कधी नटाच्या, कधी बिल्डरच्या, कधी नेत्याच्या मुलाच्या. नटाचे नाव मोठे म्हणून त्याची चर्चा होते. कार्यकर्त्याच्या दृष्टीने तिघे सारखेच. रेगन किंवा ट्रम्प यांना उमेदवारीसाठी आधी पक्षाच्या हजारो साध्या मतदारांसमोर राज्याराज्यांत उभे राहावे लागले. रेगन तिथे एकदा हरलेही. आपल्याकडे तारा मुंबईत किंवा दिल्लीत एका खोलीत उमेदवार होतो. त्या मतदारसंघातल्या पक्षाच्या माणसांना ते टीव्हीवरून कळते. हे बदलायचे तर नटांवर बंदी नको. उमेदवार निवडण्याचा हक्क पक्षाच्या स्थानिक सभासदांकडे यायला हवा, आणि तिथे नटाने खुशाल उभे राहावे, बोलावे, प्रश्न झेलावेत. आज लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९अ कलमात पक्षांची नोंदणी कशी करावी ते आहे, पक्षाने उमेदवार कसा निवडावा याबद्दल काही नाही. विधी आयोगाने १९९९मध्ये आपल्या १७०व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायद्यात तरतुदी सुचवल्या होत्या. त्यानंतर लोकसभेच्या सहा निवडणुका झाल्या आणि प्रत्येक लोकसभेत नट होते, क्रिकेटपटू होते, गायक होते. त्या तरतुदी मात्र अजून कायद्यात आलेल्या नाहीत.